प्रकाशाचा आवाज फाटू नये म्हणून

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. रत्नागिरीच्या उत्तरेस साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आणि दक्षिणेस ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल ही या मार्गाची दोन नवले असून प्रवाशांची नजर साहजिकच त्यांच्याकडे जाते; मात्र याच रुळांच्या कडेने जाणारी ऑप्टिकल फायबरची केबल कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि तिच्या टोकाशी बसवलेल्या नखाएवढ्या विद्युत सर्किटाची तर नावानेही ओळख नसते. या सर्किटाला ड्रायव्हर म्हणतात. प्रकाशाकडून संदेश वाहून घेण्याचे काम तेच करते, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत दूरसंचाराचा वेग कित्येक पटींनी वाढला त्यात काचेच्या धाग्याइतकाच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, वाटा या सर्किटाचा आहे.

काचेचा धागा स्वतः फारसा बदललेला नाही. त्याचा बाहेरचा व्यास १२५ मायक्रोमीटर, म्हणजे जाडसर केसाएवढा असतो आणि प्रकाश ज्यातून जातो तो मधला गाभा अवघा नऊ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असल्यामुळे साडेतीनशे किलोमीटरच्या केबलीतून मुंबईचा संदेश रत्नागिरीत पोहोचायला पावणेदोन मिलिसेकंद पुरतात. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाची या काचेतली घट इतकी अल्प असते की शंभर किलोमीटर गेल्यावरही मूळ प्रकाशाचा सुमारे शंभरावा भाग शिल्लक राहतो आणि तेवढा ग्राहकयंत्राला पुरतो. म्हणजे वाट मोकळी आहे. अडचण येते ती वाटेच्या तोंडाशी, जिथे विजेच्या रूपातला संदेश प्रकाशाच्या अंगावर चढवावा लागतो.

लेझर भराभर चालू-बंद करून हे काम करता येईल असे वाटते आणि कमी अंतराच्या, मंद वेगाच्या जोडण्यांत तसे केलेही जाते. परंतु लेझरला असे हिसके दिले की त्याची तरंगलांबी डळमळते आणि दूरच्या प्रवासात संदेशाचे कंगोरे एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून लांबच्या मार्गांवर लेझर शांतपणे तेवत ठेवतात आणि त्याच्यापुढे मॉड्युलेटर नावाचे एक वेगळे उपकरण बसवतात. त्याचा सर्वांत रूढ प्रकार १८९१-९२ च्या सुमारास लुडविग झेंडर आणि लुडविग माख यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या व्यतिकरणमापकावर आधारलेला आहे. येणारा प्रकाश दोन वाटांत विभागायचा, एका वाटेतील प्रकाशाला दुसरीच्या तुलनेत किंचित मागे-पुढे सरकवायचे आणि शेवटी दोन्ही एकत्र आणायचे: लाटा जुळल्या तर प्रकाश पूर्ण तेजाने बाहेर पडतो, विरुद्ध झाल्या तर एकमेकींना पुसून टाकतात. प्रकाशाला असे सरकवण्यासाठी लिथियम नायोबेटसारखा स्फटिक वापरतात, कारण त्यावर विद्युत दाब लावला की त्याचा अपवर्तनांक बदलतो. फ्रीडरिश पॉकेल्स यांनी १८९३ मध्ये या परिणामाचा अभ्यास केला म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पूर्ण उजेडापासून पूर्ण अंधारापर्यंत जायला जुन्या लिथियम नायोबेट मॉड्युलेटरांना चार-पाच व्होल्ट लागत असत. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये याच स्फटिकाच्या पातळ थरातून दीड व्होल्टच्या आसपास काम भागवणारे मॉड्युलेटर दाखवले आणि तेव्हापासून या क्षेत्राचे बरेचसे गणित बदलू लागले.

दुसरीकडे, संदेश तयार करणाऱ्या संगणकीय चिपमधून जो विद्युत संकेत बाहेर येतो तो जेमतेम अर्ध्या व्होल्टचा असतो. या अर्ध्या व्होल्टचे दोन-तीन व्होल्ट करायचे आणि मॉड्युलेटरला आवश्यक तेवढा प्रवाह पुरवायचा, एवढेच ड्रायव्हरचे काम. मोठे करण्याची विद्या शंभर वर्षे जुनी आहे आणि रत्नागिरीत गल्लीतल्या ध्वनिक्षेपकवाल्यालाही ती अवगत आहे. मोठे करताना मूळ आकार जसाच्या तसा राखणे, आणि तेही एका सेकंदात पन्नास ते सव्वाशे अब्ज वेळा बदलणाऱ्या संकेताच्या बाबतीत, ही मात्र निराळीच विद्या आहे.

ध्वनिक्षेपकाचेच उदाहरण पुढे नेले तर असा आकार राखणाऱ्या ड्रायव्हरला जे विशेषण लावतात त्या रेषीय या शब्दाचा अर्थ सहज उलगडतो. नमन-खेळ्यांच्या रात्री भोंगा बेताच्या आवाजात असतो तोवर गायकाचा स्वर आणि मृदंगाची थाप वेगवेगळी ऐकू येते. कोणी बटण पुरते फिरवले की आवाज वाढण्याऐवजी फाटतो, म्हणजे मोठ्या आवाजाची टोके छाटली जातात आणि छाटलेल्या जागी मूळ गाण्यात नसलेले स्वर उमटतात. आत दुप्पट गेले तर बाहेरही नेमके दुप्पट यावे, तिप्पट गेले तर तिप्पट, हा ज्या प्रवर्धकाचा स्वभाव त्याला रेषीय म्हणतात, कारण आत-बाहेरचा आलेख सरळ रेषा होतो. या रेषेपासूनचे ढळणे म्हणजे विरूपण.

जुन्या ड्रायव्हरांना या सरळपणाची गरजच नव्हती. प्रकाश आहे म्हणजे एक आणि नाही म्हणजे शून्य, अशा दोनच पातळ्या असल्यामुळे टोके छाटली गेली तरी बिघडत नसे, उलट कडा स्वच्छ होत. आवाज फाटलेला चालत होता, कारण संदेश केवळ आवाज आहे की नाही एवढाच होता. पण एका ठोक्यात एकच बिट पाठवण्याची ही पद्धत अपुरी पडू लागली, तेव्हा अभियंत्यांनी पातळ्या वाढवल्या. २०१७ च्या ईथरनेट मानकाने २०० व ४०० गिगाबिटांसाठी चार पातळ्यांची पद्धत स्वीकारली, ज्यात प्रत्येक ठोक्याला दोन बिट जातात. दूरच्या मार्गांवर याहून पुढची कोहेरंट पद्धत वापरतात. तीत प्रकाशाच्या तेजाबरोबर त्याची कलाही, म्हणजे लाटेचे पुढे-मागे असणेही, संदेश वाहते आणि प्रकाशाच्या दोन्ही ध्रुवणांवर वेगवेगळा मजकूर चढवला जातो. अशा एका प्रेषकाला चार ड्रायव्हर लागतात. ४०० गिगाबिटांच्या, १२० किलोमीटरपर्यंत पोहोचणाऱ्या प्रचलित मानकात सेकंदाला सुमारे ६० अब्ज ठोके आणि प्रत्येक ठोक्याला आठ बिट असतात. त्यातून मिळणाऱ्या ४८० गिगाबिटांपैकी काही भाग चुका दुरुस्त करण्याच्या संकेतांवर खर्च होतो.

पातळ्या चार झाल्या की शेजारच्या दोन पातळ्यांमधली जागा मूळच्या तृतीयांश उरते, आणि म्हणूनच छाटणी परवडेनाशी होते. दोन ट्रान्झिस्टरांची जोडी हे अशा प्रवर्धकाचे मूळ एकक असते: एकाचा प्रवाह वाढला की दुसऱ्याचा तेवढाच घटतो आणि उपयोगाचा संकेत म्हणजे दोहोंमधला फरक, त्यामुळे दोघांवर सारखाच पडणारा बाहेरचा गोंगाट आपोआप वजा होतो. परंतु या जोडीचा आलेख मधल्या छोट्या पट्ट्यातच सरळ असतो. सामान्य तापमानाला आतला संकेत दोन्ही बाजूंना २६ मिलिव्होल्टपर्यंत गेला तरी बाहेरचा संकेत अपेक्षेपेक्षा आठ टक्क्यांनी कमी पडतो आणि ५२ मिलिव्होल्टला ही तूट चोवीस टक्क्यांवर जाते. ५२ मिलिव्होल्टच्या स्थितीत चार समान अंतरावरच्या पातळ्या आत घातल्या तर बाहेर येताना वरची व खालची मोकळी जागा मधल्या जागेच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरते. दोलनदर्शकाच्या पडद्यावर हे संकेत एकावर एक रेखाटले की डोळ्यांसारख्या तीन उघड्या जागा दिसतात, आणि अशा वेळी मधला डोळा टक्क उघडा तर वरचा-खालचा पेंगुळलेला दिसतो. पातळ्यांच्या समानतेचे माप म्हणून जे गुणोत्तर वापरतात ते आदर्श स्थितीत १ असते आणि विद्युत जोडणीच्या मानकात ते किमान ०.९५ असावे लागते. वरच्या उदाहरणात ते ०.७३ इतके घसरते आणि २६ मिलिव्होल्टलाही ०.९३ च्या आसपासच राहते.

आत अर्धा व्होल्ट येणार आणि जोडी तर २६ मिलिव्होल्टलाच वाकणार, हा पेच सोडवण्याची रूढ युक्ती म्हणजे ट्रान्झिस्टरच्या एमिटर नावाच्या टोकाशी एक रोधक बसवणे. प्रवाह वाढू लागला की या रोधकावरचा दाब वाढतो, तेवढाच ट्रान्झिस्टरच्या वाट्याचा दाब घटतो, आणि त्यामुळे ट्रान्झिस्टरचा उधळेपणा आवरला जातो. त्याला जणू वेसणच बसते. सरळ पट्टा रुंदावतो, पण प्रवर्धन तेवढ्या प्रमाणात घटते आणि ते भरून काढण्यासाठी आधी आणखी एक-दोन टप्पे जोडावे लागतात. जोडीच्या प्रवाहाची पूर्ण क्षमताही वापरता येत नाही, कारण आलेख टोकांशीच वाकतो. जुन्या चालू-बंद ड्रायव्हरला जो प्रवाह पुरे होता त्याहून बराच अधिक प्रवाह रेषीय ड्रायव्हर केवळ राखीव ठेवण्यासाठी वाहून नेतो. या शास्त्रात सरळपणा फुकट मिळत नाही. त्याचा दर विजेत मोजावा लागतो.

हा दर किती हे साध्या हिशेबाने काढता येते. अशा वेगाच्या तारा ५० ओहमच्या धरून चालतात. ५० ओहमवर तीन व्होल्टचे आंदोलन हवे तर ओहमच्या नियमाने प्रवाहाचे आंदोलन ६० मिलिॲम्पियर हवे. पण मॉड्युलेटरकडून परतणारी लाट पुन्हा उसळू नये म्हणून ड्रायव्हरच्या बाजूलाही तितकाच रोध ठेवला तर प्रवाहाची निम्मी वाटणी त्यात होते आणि १२० मिलिॲम्पियर खर्च करावे लागतात. कोहेरंट प्रेषकात असे चार ड्रायव्हर एका चिमुकल्या पेटीत शेजारी-शेजारी बसतात आणि त्या पेटीची एकंदर वीज साधारण १५ ते २० वॅटच्या मर्यादेत ठेवावी लागते. पेटीच्या पृष्ठभागाचे तापमान ७० अंश सेल्सियसपर्यंत चढले तरी काम अचूक चालावे अशी सर्वसाधारण अट असते.

वेगाची अडचण याहून कठीण आहे. सेकंदाला ५३ अब्ज ठोके म्हणजे एका ठोक्याला १९ पिकोसेकंदांहूनही कमी वेळ, आणि तेवढ्या वेळात काचेतला प्रकाश चार मिलिमीटरही सरकत नाही. ५० गिगाहर्ट्झच्या विद्युत लाटेची चिपमधली लांबी तीन मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून या मापावर तार ही केवळ जोडणी राहत नाही, तर स्वतःच एक घटक बनते. चिपपासून मॉड्युलेटरपर्यंत जाणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म तारेच्या अवघ्या दशांश मिलिमीटरात सुमारे ०.१ नॅनोहेन्री प्रवर्तकत्व असते आणि ५० गिगाहर्ट्झला ते ३१ ओहमचा अडथळा निर्माण करते; ५० फेम्टोफॅरडची क्षुद्र धारिता त्याच वारंवारतेला ६४ ओहमची चोरवाट उघडते. ज्या वस्तू इतर सर्किटांत नगण्य म्हणून सोडून देतात त्याच येथे मुख्य पात्रे होतात. डिझाइन करणारा त्यांना हटवू शकत नाही, म्हणून तो त्यांना कामाला लावतो: धारितेशेजारी मुद्दाम मोजून-मापून प्रवर्तक ठेवला की दोहोंच्या खेळातून वरच्या वारंवारतांना थोडा उठाव मिळतो आणि बँडविड्थ, म्हणजे सर्किट ज्या वारंवारतांपर्यंत नीट काम देते ती मर्यादा, वाढते. उठाव अति झाला तर संकेत कडांवर थरथरतो. हे प्रमाण साधणे ही पुस्तकातून अर्धीच येणारी गोष्ट आहे.

त्यातच निसर्गाने एक कुंपण घालून ठेवले आहे. आरसीए कंपनीतील ई. ओ. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये दाखवले की कोणत्याही अर्धसंवाहकात ट्रान्झिस्टरचा वेग आणि त्याला सोसवणारा दाब यांच्या गुणाकाराला कमाल मर्यादा असते. कारण उघड आहे: वेग हवा तर विद्युतकणांना ओलांडायचे अंतर कमी करावे लागते आणि अंतर कमी केले की तोच दाब अधिक प्रखर क्षेत्र निर्माण करून पदार्थाला फोडतो. शुद्ध सिलिकॉनसाठी हा गुणाकार ढोबळमानाने २०० गिगाहर्ट्झ-व्होल्ट धरला जातो. सिलिकॉनमध्ये जर्मेनियम मिसळून केलेले आजचे वेगवान ट्रान्झिस्टर ३०० गिगाहर्ट्झच्या पुढे जातात, पण त्यांची सहनशक्ती दीड-पावणेदोन व्होल्टांच्या आसपास अडते. इंडियम फॉस्फाइड या बाबतीत अधिक उदार असले तरी महाग आहे. नेहमीचा संगणकीय सिलिकॉन स्वस्त आणि वेगवान असला तरी दाब सोसण्यात सर्वांत नाजूक ठरतो. ड्रायव्हरला नेमका वेगही हवा आणि दाबही हवा. त्यामुळे दोन किंवा अधिक ट्रान्झिस्टर एकावर एक रचून दाब त्यांच्यात वाटून द्यावा लागतो, आणि ही वाटणी प्रत्येक क्षणाला समान राहील याची काळजी घ्यावी लागते.

या कुंपणातून निघण्याची सर्वांत देखणी वाट ट्रान्झिस्टरच्याही आधीची आहे. विल्यम पर्सिव्हल यांनी १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटासाठी मांडलेली आणि गिन्झ्टन, ह्यूलेट, जॅस्बर्ग व नो यांनी १९४८ च्या निबंधात निर्वात नळ्यांसाठी विस्ताराने विकसित केलेली वितरित प्रवर्धकाची कल्पना कोकणच्या किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन समजावी, कारण रापणीत तेच घडते. रापणीचे जाळे ओढायला एकच पहिलवान लावत नाहीत. वाळूत ओळीने उभे राहिलेले अनेक जण दोर धरतात आणि एका लयीत प्रत्येक जण आपल्या हाताचे थोडे बळ त्यात घालतो. वितरित प्रवर्धकात एक मोठा ट्रान्झिस्टर न वापरता अनेक लहान ट्रान्झिस्टर दोन समांतर तारांमध्ये ओळीने बसवतात. आतली लाट एका तारेतून पुढे जाताना एकेकाला जागे करते आणि प्रत्येक जण आपला प्रवाह दुसऱ्या तारेतल्या, त्याच वेगाने पुढे सरकणाऱ्या लाटेत बरोबर वेळेवर मिसळतो. ट्रान्झिस्टरांची जी धारिता एरवी गळ्यातली धोंड ठरते ती तारेचाच भाग होऊन जाते, आणि हीच या रचनेची खरी खुबी आहे. दोन तारांमधला वेग जुळला नाही तर मात्र लय चुकलेल्या रापणकऱ्याप्रमाणे मेहनत वाया जाते. या रचनेला जागा आणि वीज अधिक लागते व प्रवाहाचा मोठा हिस्सा मागच्या टोकाच्या रोधकात जिरतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी ती वापरणे शहाणपणाचे नसते. तरीही अत्यंत रुंद बँडविड्थ हवी असेल तेव्हा डिझाइन करणारे वारंवार तिच्याकडेच वळतात.

रेषीय ड्रायव्हरला अलीकडे आणखी एक ओझे उचलावे लागले आहे. डेटा केंद्रांतल्या प्रकाशीय पेट्यांत संकेत सावरून घेणारी एक अंकीय चिप असते आणि ती पेटीच्या विजेचा मोठा वाटा खाते. ती काढून टाकावी, संकेत थेट स्विचच्या चिपकडून ड्रायव्हरला आणि ड्रायव्हरकडून मॉड्युलेटरला द्यावा, अशा रेषीय पेट्यांसाठी मार्च २०२४ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून एक समान मानक ठरवण्याचा करार केला. विजेची बचत यात खरी आहे. परंतु आतापर्यंत अंकीय चिप ज्या चुका पोटात घालत होती त्या झाकायला कोणी उरत नाही: बोर्डावरच्या तारांत झिजलेल्या वरच्या वारंवारतांना उठाव देणे, आकार न बिघडवणे आणि स्वतःचा गोंगाट न मिसळणे ही तिन्ही कामे ड्रायव्हरवर येतात. अंकीय युगाचा सर्वांत वेगवान भाग अशा रीतीने पुन्हा ॲनालॉग हातांत आला आहे, आणि आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत ॲनालॉग सर्किट हा विषय ज्या समजुतीने जुनाट म्हणून उरकला जातो ती किती चुकीची आहे हे यावरून दिसते.

महाराष्ट्रात या विद्येचा पाया नाही असे मुळीच नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत काचेपासून फायबरपर्यंतचे उत्पादन होते. मुंबईच्या आयआयटीत डॉ. रघुनाथ शेवगावकर यांनी पारेषण तारा व विद्युतचुंबकीय लाटा आणि प्रगत प्रकाशीय संचार या विषयांवर दिलेली व्याख्याने एनपीटीईएल या उपक्रमातून देशभरच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि तार हाच घटक कसा बनतो हे समजून घ्यायला त्याहून चांगली सुरुवात शोधूनही सापडणे कठीण. त्याच संस्थेत प्रा. शलभ गुप्ता यांच्या गटाने कोहेरंट ग्राहकयंत्रातील अंकीय प्रक्रियेचे काम सिलिकॉन-जर्मेनियम तंत्रातील ॲनालॉग चिपकडून करून वीज वाचवण्याच्या दिशेने संशोधन केले आहे; ते प्रेषकाचे नव्हे तर ग्राहकाचे काम असले तरी विचार तोच आहे. अशा चिप घडवण्यात नावाजलेली इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूह यांच्या पनवेलजवळच्या तळोजा येथील प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली होती, पण मे २०२५ मध्ये ही बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या.

कारखान्याची वाट पाहत बसण्याचे कारण मात्र उरलेले नाही. रत्नागिरीत १९९६ पासून फिनोलेक्स अकॅडमी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन त्याहून जुने आहे, आणि केंद्र शासनाच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमाने चिप-डिझाइनच्या शिक्षणासाठी ८५,००० अभियंत्यांचे लक्ष्य ठेवले आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट आन डेर ओडर येथील आयएचपी या संशोधन संस्थेने आपल्या १३० नॅनोमीटरच्या सिलिकॉन-जर्मेनियम प्रक्रियेची डिझाइन-माहिती खुली केली असून तिच्यातील ट्रान्झिस्टर ३०० गिगाहर्ट्झच्या पलीकडचे आहेत. एनजीस्पाइस, एक्सस्कीम आणि केलेआउट ही तिच्यासोबत चालणारी सॉफ्टवेअरही विनामूल्य मिळतात. एमिटरशी रोधक बसवला की पेंगुळलेला डोळा कसा उघडतो हे पाहायला साधा संगणक पुरतो. ज्या विद्यार्थ्याला हे पाहायचे असेल त्याने दोन ट्रान्झिस्टरांची जोडी, २६ मिलिव्होल्ट आणि चार पातळ्या एवढ्यापासून सुरुवात करावी.